सुमनताई, ग्रुपवरची तुमची सकाळ

सुमनताई,

तुमच्या दहाव्याला गावी आले, तेव्हा दाजी ओट्यावर बसले होते आणि तुमचा फोन त्यांच्या मांडीवर वाजत होता. मला म्हणाले, "वर्षा, वाजूनच राह्यला गं हा. बंद करावा का?" मी म्हणाले, "राहू द्या. चार्जिंगला लावा फक्त." ते उठले आणि लावून आले.

आत बायका तुमच्याबद्दल बोलत होत्या. सुमननं शेत राखलं, लेकरं शिकवली, सासूचं शेवटपर्यंत केलं. सगळं खरंच होतं. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "तुमची अन् सुमनची ओळख कुठली?" मी म्हणाले, "ग्रुपवरची." तिनं मान डोलवली. भिशीचा ग्रुप असेल, असं तिला वाटलं असावं. मी पुढं काही बोलले नाही. पण परतूरला येताना बसमध्ये सारखं वाटत राहिलं, की बोलायला हवं होतं. तुम्ही काय केलंत ते त्या बायकांना ताठ मानेनं सांगायला हवं होतं. ते राहिलं म्हणून आता तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, "मला काय सांगून राह्यली, मला म्हाईतच हाय." असू द्या. ऐका.

आपला 'कोषकट्टा' मी सुरू केला, तेव्हा माझ्या पहिल्या बॅचच्या रेशीम अळ्या शेडमध्ये मरून पडल्या होत्या आणि विचारावं असं जवळपास कुणी नव्हतं. परतूरच्या बाजूला तुती लावणारे आम्ही मोजकेच. अळ्या पाळणाऱ्यांनी एकमेकांना अडीअडचण विचारावी, एवढ्यासाठी फोनवर तो ग्रुप काढला. बघता बघता सगळ्या मराठवाड्यातून माणसं आली. माणसं आली तसा गोंधळ आला, आणि गोंधळ आला तसे मी नियम केले. विचारण्याआधी जुन्या पोस्ट शोधा, फोटो स्पष्ट काढा, विषय सोडून बोलू नका, आणि असं बरंच काही. ती पाटी ग्रुपच्या डोक्यावर लावून ठेवली. ग्रुप स्वच्छ झाला. इतका स्वच्छ, की तीच ती ठरावीक माणसं बोलायची आणि बाकीचे नुसते वाचायचे.

त्या स्वच्छ ग्रुपवर एका सकाळी तुमचा प्रश्न आला. "अळ्या कालपसून पाला खाऊन नाही राह्यल्या. मान वर करून नुसत्या बसल्यात. काय करावं?" त्याखाली एका शहाण्यानं लिहिलं, "आधी शुद्ध मराठी लिहायला शिका." दुसऱ्या कुणी पोस्टच काढून टाकली असती. तुम्ही लिहिलंत, "शुद्ध शिकूस्तोवर अळ्या मरतीन. तुम्ही अळ्याचं सांगा, मराठीचं मंग बघू."

मी शेडमध्ये एकटीच हसले. अळ्या कात टाकायला बसल्यात, अशा वेळी त्या खात नाहीत, त्यांना हलवू नका, असं उत्तर दिलं आणि मग तुम्हाला फोनच केला. ओळख ना पाळख, पण तुम्ही पहिल्याच वाक्यात माझ्यावर आलात. "बाई, तुमची ती नियमाची पाटी वाचून मी कितींदा लिहिलं अन् पुसलं. शाळेत उशिरा गेल्यावानी भेव वाटत होतं."

तुम्हाला भीती वाटली, हे मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. नंतर तुम्हाला ओळखायला लागले तेव्हा तर अजिबातच नाही. पण तुम्ही ते कधी विसरला नाहीत. बाकीच्यांची भीती तुम्हाला दिसायची ती त्यामुळंच, असं मला आता वाटतं.

काही महिन्यांनी मी तुम्हाला ॲडमिन केलं आणि आपलं भांडण सुरू झालं. ते तुम्ही जाईपर्यंत चाललं.

पहिलं भांडण त्याच त्याच प्रश्नांवरून. अळ्या पाला का खात नाहीत, हे दर हंगामात नव्या माणसांनी विचारायचं आणि मी दर वेळी लिहायचं, "यावर आधी चर्चा झाली आहे, शोधून पाहा." तुम्ही फोनवर म्हणालात, "घरी पाहुणा आला अन् त्यानं पाणी मागितलं तर 'माठ हाय कुठंतरी, शोधा' असं म्हणती का तू?" मी म्हणाले, "ताई, रोज शंभर पाहुणे आले तर म्हणीन." तुम्ही म्हणालात, "मंग तू राहू दे. मी देते पाणी." आणि खरोखरच देत राहिलात. प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारून, नव्यानं. उत्तर देऊन झालं की खाली हळूच जुन्या पोस्टची वाट दाखवायची. "हे बी वाचा, लई कामाचं हाय." लोक वाचायचे. माझ्या 'शोधून पाहा'नं कुणी काही वाचलं असेल, असं वाटत नाही. पाटीवरचे नियमही तुम्ही एकेक करून उतरवायला लावलेत. शेवटी तीन उरले, आणि तिसऱ्यावर तुमचा राग होताच.

पण तुमचंच सगळं बरोबर ठरलं, असंही नाही हं. दार सताड उघडं ठेवायचं, हा तुमचा हट्ट. मग एका सकाळी कुणीतरी आत शिरून घाणेरडे फोटो टाकून गेला आणि तुमच्या पुतण्यानं ते तुमच्या आधी पाहिले. तुम्ही मला फोन करून नुसत्या "शी शी शी" करत होतात. मी त्या दिवशी जिंकले. नव्या माणसाची पहिली पोस्ट आपण बघितल्याशिवाय ग्रुपवर लागणार नाही, असं ठरलं. पण तुम्ही अट घातलीत, की ती ताटकळत ठेवायची नाही. "दारात उभा राह्यलेला माणूस जास्त येळ उभा राहत न्हाई. निघून जातो अन् परत येत न्हाई." म्हणून सकाळ तुमची आणि संध्याकाळ माझी, अशी वाटणी झाली. चहा ठेवायचा, गॅस बारीक करायचा आणि रांगेतल्या पोस्ट बघायच्या. दाजी म्हणायचे, चहा उतू गेला की समजायचं कुणीतरी नवं आलंय.

आता मीनाचं सांगते. त्या सगळ्या प्रकरणात मी तुमच्याशी भांडले होते, आणि आज कुणी विचारलं तर मी सगळ्यात आधी तेच सांगीन.

ग्रुपवर एक सर होते. निवृत्त झालेले, तुतीतलं आणि अळ्यांतलं खरंच पुष्कळ जाणणारे. ग्रुपवरची अर्धी उत्तरं त्यांची असायची. लोक त्यांना मानायचे, मीही मानायची. पण नव्या माणसाचा प्रश्न दिसला की त्यांच्या जिभेला धार यायची. घनसावंगीकडच्या एका खेड्यातून मीनाची पहिली पोस्ट आली. तुम्हीच ती सकाळी मंजूर केली होती. हललेला, अंधारा फोटो आणि खाली एवढंच, "अळ्या हिरवं पाणी ओकायल्यात. काय करू?" सरांनी लिहिलं, "जिला फोटो काढता येत नाही ती अळ्या काय पाळणार? हे पापड लाटण्याइतकं सोपं नाही, बाई." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

दुपारी तुमचा फोन आला. "वर्षा, ती पोरगी गेली."

"कोण पोरगी?"

"हिरवं पाणीवाली. पोस्ट काढली अन् ग्रुपबी सोडला."

मी म्हणाले, सरांना समज देऊ, संध्याकाळी बोलू. तुम्ही म्हणालात, "सराचं संध्याकाळी बोल. तिच्या अळ्या संध्याकाळपर्यंत थांबणार हायत का?"

आत येताना प्रत्येकाला गावाचं नाव विचारायचो, ते तिनं लिहिलं होतं. तेवढ्यावर तुम्ही दाजींना मोटारसायकल काढायला लावलीत. उन्हात, कच्च्या रस्त्यानं, गावात विचारत विचारत तिच्या शेडपाशी गेलात. तिथून मला फोन केलात तेव्हा मागं कुणीतरी रडत होतं. शेजारच्या रानात कपाशीवर फवारणी झाली होती, वारं तिच्या रानाकडं होतं, आणि बांधाकडच्या तुतीचा पाला तिनं अळ्यांना टाकला होता. अळ्यांना विष झालं होतं. तुम्ही तिला बांधापासून लांबचा पाला तोडायला लावलात, मेलेल्या अळ्या बाजूला काढल्यात, उरलेल्या तिच्याबरोबर बसून निवडल्यात. तिची सासू दारातच उभी होती म्हणे. शेड मोकळं करून म्हशी बांधायच्या, असं तिचं ठरलेलं. तुम्ही तिला म्हणालात, "आत्याबाई, एवढी बॅच होऊ द्या. मंग म्हशी बांधा न्हाईतर हत्ती बांधा."

अर्धीअधिक बॅच गेली. उरलेल्यांनी कोष केले. ते विकायला मीना स्वतः जालन्याच्या बाजारात गेली होती, आणि तिथं तुम्ही तिच्याबरोबर फोटो काढलात. तुमच्याकडचा तो एकमेव फोटो ज्यात तुम्ही हसताय. बाकी सगळ्यांत पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारखा चेहरा.

घरी आल्यावर तुम्ही सरांना फोन केलात. ते म्हणाले, मी खरं तेच लिहिलं. तुम्ही म्हणालात, मग थोडे दिवस लिहू नका. आणि त्यांचं लिहिणं थांबवलंत. मला न विचारता.

मी चिडले होते, ताई. सरांच्या मागं बरीच जुनी माणसं ग्रुप सोडून चालली होती. मी तुम्हाला म्हणाले, एका नव्या माणसासाठी तुम्ही सगळ्यात जाणत्या माणसाला घालवलंत, आता उत्तरं कोण देणार? तुम्ही शांतपणे म्हणालात, "मीना गेली ते तुला दिसलं. तिच्या आधी कितीजणी बोलल्या नसतील, त्या दिसतात का तुला?" मी म्हणाले, ज्या दिसत नाहीत त्यांच्यावर ग्रुप चालत नाही. तुम्ही फोन ठेवलात.

त्यानंतर कितीतरी दिवस ग्रुप शांत होता. मला वाटलं, संपलं. मग बीडकडच्या एका मुलानं काहीतरी विचारलं आणि त्याला हिंगोलीच्या एका बाईनं उत्तर दिलं. ती आधी कधीच बोलली नव्हती. उत्तर अर्धवट होतं, ते तिसऱ्यानं पुरं केलं. मी पडद्याकडं बघत बसले. हे सगळे कुठं होते इतके दिवस? इथंच होते. वाचत होते. सर बोलतात तिथं आपण काय बोलायचं, म्हणून गप्प होते.

सरांना तुम्ही सोडून दिलं नाहीत, हे मात्र मला फार उशिरा कळलं. अधूनमधून फोन करायचात. ते म्हणायचे, "तुम्ही मला गप्प केलंत." तुम्ही म्हणायचात, "सर, तुम्हाला गप्प करून मला काय भेटणार? तुमच्या भेवानं जे गप्प व्हते ते बोलायले, येवढंच. तुम्ही बी या. फक्त हळू या." पुष्कळ दिवसांनी ते आले. एका नव्या मुलाच्या तसल्याच हललेल्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, "जरा उजेडात घेऊन अजून एक काढतोस का, बाळा?" तुम्ही मला त्या ओळीचा फोटो पाठवलात. सोबत एक अक्षरही नाही. मी तुम्हाला म्हणाले होते, "ताई, जिंकलात." तुम्ही म्हणालात, "आता पुढच्या बॅचचं बोल."

आणि मग तो उन्हाळा. गावागावांत जातीवरून वातावरण इतकं तापलं होतं, की चहाच्या टपरीवर बसायचे बाकसुद्धा वेगळे झाले होते. ग्रुपवर टोमणे यायला लागले. तुमचं घराणं पूर्वी मेंढरांमागं फिरणारं, आमचं पिढ्यान्‌पिढ्या एका गावात जमीन कसणारं, तेव्हा आपल्या दोघींकडेही लोक वेगळ्या नजरेनं बघत होते. एकानं तुम्हाला लिहिलं, मेंढरं राखणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. मी त्याला काढायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, थांब, आणि त्याच्याखाली लिहिलंत, "मेंढरं राखली म्हणून तर जिवाला जपता येतं. इथं अळीची जात विचारा, माणसाची न्हाई. तुमची बॅच कशी हाय?" त्यानं बऱ्याच वेळानं लिहिलं, बरी आहे. त्याच आठवड्यात तुम्ही आणि दाजी परतूरला आमच्याकडं जेवायला आलात. मी बोलावलं नव्हतं. तुम्ही दारातून म्हणालात, "इकडं काम व्हतं." काही काम नव्हतं, ताई. मला तेव्हाही माहीत होतं.

आपलं एक भांडण तसंच राहिलं. आवाजातल्या पोस्टचं. तुमचं म्हणणं, ज्यांना लिहिता येत नाही, टायपायला लाज वाटते, त्यांना बोलून प्रश्न विचारू द्या. माझं म्हणणं, बोललेलं पुढं कुणाला सापडत नाही, शिवाय कुणी वाऱ्यात उभं राहून बोलतं, कुणी मागं ट्रॅक्टर चालू ठेवून. तिसरा नियम तो हाच. आपण शेवटचं बोललो तेही त्यावरच. तुम्ही म्हणालात, "तू हट्टी हायेस." मी म्हणाले, "तुम्ही कमी आहात का?" आणि दोघी हसलो. मला अजूनही तुमचं म्हणणं पटलेलं नाही. तुम्ही असता तर अजून भांडले असते. भांडायला आता कुणी नाही म्हणून मी मुद्दाम तुमच्या बाजूनं निकाल देणार नाही. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

ज्या दिवशी छातीत दुखायला लागलं, त्या सकाळीही तुम्ही रांग बघितली होती. नंतर जालन्याला नेताना काय झालं ते दाजींनी सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. मला तुमची सकाळ लिहायची आहे.

दुसऱ्या दिवशी ती सकाळ बघायला कुणी नव्हतं. मी माझ्या नेहमीच्या वेळी, संध्याकाळी फोन उघडला तर रांग खालपर्यंत गेलेली. सगळ्या पहिल्या पोस्ट. सगळ्या तुमच्याबद्दल. आजवर एक अक्षर न लिहिलेल्या माणसांच्या. कुणी लिहिलं होतं, मी नुसतं वाचायचो, पण ताईंनी एकदा फोन करून विचारलं होतं बॅच कशी आहे. कुणी लिहिलं होतं, मला लिहिता येत नाही, हे लेकीकडून लिहून घेतलंय. तुम्ही मला ज्या दाखवत होतात, त्या न दिसणाऱ्या सगळ्याजणी एका रांगेत उभ्या होत्या. मी एकेक पोस्ट मंजूर करत गेले. रडू आलं, ते नंतर. आधी वाटला तो अभिमानच. मी अशा बाईबरोबर काम केलं.

मग मीनाचा फोन आला. ग्रुप सोडून गेल्यावर ती परत यायला वर्षभर लागलं होतं. तुम्ही तिला एकदाही आग्रह केला नव्हतात. म्हणाली, "वर्षाताई, सुमनताईची सकाळ मी करू का?" मी हो म्हणाले. "काय काय बघायचं असतं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "कुणाला ताटकळत ठेवायचं नाही." ती म्हणाली, "ते म्हाईत हाय मला."

काल सकाळी तिनं एक पोस्ट मंजूर केली. जाफराबादकडचा कुणी मुलगा. ग्रुपवर वरपासून खालपर्यंत तुमचे फोटो, हार, श्रद्धांजल्या, आणि त्यात मध्येच याची पोस्ट: "माझ्या अळ्या पाला खात नाहीत, मान वर करून बसल्या आहेत. आत्ता विचारावं का माहीत नाही. आणि फोटोतल्या ताई कोण आहेत? मी नवीन आहे, माफ करा."

मी धास्तावले. शोकात असा प्रश्न टाकला म्हणून आता त्याला कोण काय बोलेल, या भीतीनं मी घाईघाईनं लिहायला घेतलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत खाली उत्तरं यायला लागली होती. कात टाकताना अळ्या खात नाहीत, घाबरू नको. शेडमध्ये वारं खेळू दे. काळजी करू नको, सगळ्यांचं असंच होतं. कुणी त्याला अजून एक फोटो मागितला, कुणी फोन नंबर दिला. टोचून एकही शब्द नव्हता. मी अर्धं लिहिलेलं वाक्य पुसून टाकलं आणि फोन बाजूला ठेवला.

'ताई कोण आहेत' याचं उत्तर शेवटी हिंगोलीच्या त्या बाईनं दिलं. तिनं लिहिलं होतं, "तुझ्यासारख्याला इथं बिनधास्त विचारता यावं, म्हणून झटलेली बाई."